पावणेदोन ग्रॅम

चौतीस वर्षं काढली उद्यमनगरात, लेथवर.
शिरोलीहून ओतीवं यायची, काळी,
अंगाला वाळू चिकटलेली,
संध्याकाळी माझ्या हातून चकचकीत होऊन जायची.
मिलिमीटरचा शंभरावा भाग
अंगठ्याच्या पेराला कळायचा.
आता अंगठा थरथरतो
आणि काम आलंय तांदळाच्या कणीहून बारीक.

चार तारा, केसाएवढ्या.
तांबडी, हिरवी, निळी, पांढरी.
रेहानाच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं
एकेक कार्ट्रिजच्या पायाला बसवली.
स्क्रू दोनच. त्यातला एक परवा फरशीवर पडला
तेव्हा घर जागच्या जागी थांबलं,
नातसुद्धा रांगायची थांबली.
लोखंडी पेचकस चुंबकाकडं ओढला जातो,
म्हणून पितळेचा केला,
जुन्या मालकाच्या पोराला विचारून, त्याच्याच लेथवर.

गुजरीतून अनंत पोतदाराचा सोन्याचा काटा आणला
एका रात्रीपुरता.
किती तोलायचंय?
पावणेदोन ग्रॅम.
कसलं?
सुईचा भार.
चष्म्यावरनं बघत राहिला.
एवढ्यात धड नथ होत नाही की रं, म्हणाला.

तबकडीवर जाळी छापलेला कागद,
त्यावर सलूनमधल्या फुटक्या आरशाचा तुकडा.
सुई आणि आरशातली सुई,
दोघी एका रेषेत आल्या पाहिजेत.
पुढचं अवघड.
हात एका खुंटीवर फिरतो,
खाच मात्र गोल गोल आत जाते,
त्यामुळं सुई खाचेला तंतोतंत धरून
दोनच जागी उभी राहते.
मध्यापासून एकशे एकवीस मिलिमीटरवर,
आणि सहासष्टवर.
बाकी सगळा प्रवास तिरका,
थोडा इकडं, थोडा तिकडं.
चालतं. यंत्राला तेवढी माफी असते,
आम्ही तिला टॉलरन्स म्हणायचो.

माझं काम सहासष्टपाशी.
दुसरी बाजू, शेवटचं भजन.
गाणाऱ्या बाई पुढं कुठं ऐकू आल्या नाहीत.
त्या श्वास घ्यायला थांबतात
आणि अकरा सेकंद नुसती पेटी वाजते.
लेबलवर बाईंचं नाव आहे,
चाल लावणाऱ्याचं आहे,
कारखान्याचा पत्ता आहे.
बाबालाल पेटीवाले कुठंच नाहीत.
अब्बा म्हणायचे, मावलं नसंल.

नेमके तेवढेच अकरा सेकंद फाटून यायचे,
पत्र्यावर खडा ओढावा तसे.
चार महिने मी सुईला बोल लावला.

उसाचा हंगाम.
दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कर्णे लावून गेला
की तावदानं वाजतात, सुई खाच सोडून उडते.
दोन वाजेपर्यंत बसून राहिलो.
मग केसभर पुढं.
डावा स्क्रू अर्धा, उजवा अर्धा,
परत डावा.
एकट्यालाच पुरा आवळला
तर सगळं त्याच्याकडं वाकतं.
काटा म्हणाला, एक पूर्णांक शहात्तर.
एवढं राहू दे.

बाई थांबल्या.
आधी भात्याचा श्वास.
मग पट्टीवर अंगठी, टक, टक,
हुपरीची चांदीची, मधल्या बोटातली.
ही कधी ऐकूच आली नव्हती.
मग बोटं, स्वच्छ, धावत आली,
आणि काळी चारवर
तीच खरखर.
पण आता बारीक, कडेनं,
त्या एकाच सुरावर.
सुईची नव्हती ती.
पेटीचीच रीड गेलेली.
अब्बा तिथं कागदाची घडी सारून भागवायचे,
दर ईदला म्हणायचे, यंदा नवी बसवू.
मी आयटीआयला लागलो त्या वर्षी
घरात मायक्रोमीटर आला.

रेहाना झोपेतच म्हणाली, जुळलं का?
काटा दहाच्या आत परत द्यायचाय, म्हणालो.
लेबलाच्या कडेला, रिकाम्या खाचेत
सुई फिरत होती.
लगेच उचलली नाही.